धंद्याची नोंद नकाशावर : फुकट होते, पण नीट करावी लागते

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



उसाची नोंद कशी करावयाची हे आपणास शिकविण्याची गरज नाही. लागण झाली की गट कार्यालयात जावयाचे, नाव, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख सांगावयाची. मग शेतकी मदतनीस रानात येऊन पाहणी करतो आणि नोंद पक्की होते. नोंद नसेल तर ऊस कितीही जोमदार असो, तोडणीच्या प्रोग्रॅमात त्याचे नाव येत नाही. ऊस बांधाला उभा असतो, पण कागदावर तो नसतो.

आज आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळशा छोट्या धंद्यांची हीच गत झालेली आहे. कोणाची ऊस रोपवाटिका आहे, कोणाचे गुऱ्हाळ आहे, कोणाची रसवंती, कोणाचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज, कोणी मोटार भरून देतो, तर कोणी ठिबकच्या नळ्या जोडून देतो. शेतीला जोड म्हणून आपल्याच सभासदांच्या मुलांनी, सुनांनी हे धंदे उभे केले आहेत. गावात सगळ्यांना ते ठाऊक असतात. परंतु शेजारच्या तालुक्यातला शेतकरी आता खिशातला फोन काढतो आणि 'जवळची ऊस रोपवाटिका' असे विचारतो. फोनमध्ये ज्याचे नाव निघते त्याच्याकडे तो जातो. आपले नाव तेथे नसेल, तर आपण पाच मैलांवर असूनही त्याच्या दृष्टीने नाही.

या अंकात ही नोंद कशी करावयाची, कोठे सावध राहावयाचे आणि तिच्यापासून किती अपेक्षा ठेवावयाची, याचा पाठ देत आहे. सोयीसाठी ऊस रोपवाटिकेचे उदाहरण सर्वत्र घेतले आहे. बाकीच्या धंद्यांना रीत तीच.

रोप थांबत नाही

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका रोपवाटिकेत ५० हजार एक डोळा रोपे तयार आहेत. ४२ कप्प्यांचे ट्रे धरले तर हे जवळजवळ १,१९० ट्रे झाले. रोपामागे २ रुपये जरी धरले तरी शेडनेटखाली १ लाख रुपये उभे आहेत. रोपे साधारण महिना-सव्वा महिन्याची झाली की लावणीस योग्य होतात. त्यापुढे ठेवली तर मुळ्या कप्प्यात गुंडाळतात, पाने पिवळी पडतात आणि असले रोप रानात गेल्यावर लवकर सावरत नाही. गूळ अडत्याकडे चार दिवस थांबतो, रोप थांबत नाही.

आता गिऱ्हाईक किती पाहिजे ते बघा. ५ फूट सरी आणि दोन रोपांत २ फूट अंतर धरले तर एकराला ४,३५६ रोपे लागतात. म्हणजे ५० हजार रोपे साडेअकरा एकरांत संपली. दोन-अडीच एकराचे पाच शेतकरी मिळाले की शेडनेट रिकामे! पाच शेतकरी काही फार झाले नाहीत. पण ते नेमके त्याच पंधरवड्यात मिळाले पाहिजेत. आपल्या गावात त्या पंधरवड्यात लागण नसेल, शेजारच्या तालुक्यात पाऊस आधी पडून तेथे लागणीची घाई असेल. त्या शेतकऱ्याला आपला पत्ता कळला तर माल वाचला. न कळला तर दलाल येऊन पडत्या भावात रोपे उचलतो आणि त्याच शेतकऱ्याला चढ्या भावाने देतो. दोन्हीकडे शेतकरीच बुडतो. फुकट होणाऱ्या एका नोंदीची किंमत ही अशी आहे.

ही नोंद म्हणजे काय

गूगल कंपनीचा नकाशा आणि शोध-यंत्र बहुतेक फोनमध्ये असते. त्या नकाशावर आपल्या धंद्याचे नाव, जागा, फोन नंबर, उघडण्याच्या वेळा, फोटो आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय एकत्र दिसतात. या पानाला 'गूगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. २०१४ साली ही सोय 'गूगल माय बिझनेस' या नावाने निघाली आणि २०२१ साली तिचे नाव बदलले. जुन्या नावाचे वेगळे अॅप २०२२ मध्ये बंद झाले. आता आपले पान नेहमीच्या गूगल शोधातून किंवा नकाशातूनच सांभाळावयाचे असते. म्हणून कोणी जुन्या नावाचे अॅप फोनमध्ये भरून देतो म्हणाला तर भरून घेऊ नये.

नोंद करण्यास, पडताळणीस आणि पुढे चालू ठेवण्यास एक पैसाही लागत नाही. जाहिरात करावयाची झाल्यास तिचे पैसे वेगळे पडतात, परंतु नोंदीसाठी जाहिरात घ्यावी लागत नाही.

कोणाला करता येते

ज्या धंद्यात सांगितलेल्या वेळेत गिऱ्हाइकाशी समक्ष गाठ पडते, त्या धंद्याला ही नोंद करता येते. येथे दोन प्रकार आहेत, ते समजून घ्यावेत.

पहिला प्रकार, गिऱ्हाईक आपल्याकडे येते. रोपवाटिका, गुऱ्हाळ, रसवंती, गॅरेज यांचा पत्ता नकाशावर दिसला पाहिजे.

दुसरा प्रकार, आपण गिऱ्हाइकाकडे जातो. ठिबक दुरुस्ती, भाड्याचा ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार काढणारे, हे सर्व यात आले. यांनी घराचा पत्ता लोकांना दाखवू नये. त्याऐवजी आपण कोणकोणत्या गावांना किंवा तालुक्यांना जातो ते भरावे. असे २० पर्यंत भाग भरता येतात. मात्र आपल्या ठिकाणापासून गाडीने दोन तासांच्या पलीकडचा मुलूख घालू नये. सगळा महाराष्ट्र लिहिल्याने सगळ्या महाराष्ट्राचे फोन येत नाहीत, उगाच नोंद संशयात येते.

नुसते उसाचे रान, किंवा फक्त पार्सलने माल पाठवणारा आणि गिऱ्हाइकाला कधीच न भेटणारा धंदा येथे बसत नाही. हंगामी धंदा चालतो, परंतु जागेवर बारमाही पाटी असावी लागते. गुऱ्हाळवाल्या व रसवंतीवाल्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे.

जाता जाता गुऱ्हाळाबद्दल एक सांगून ठेवतो. कारखान्याकडे नोंदविलेला ऊस कारखान्याचाच. नकाशावर गुऱ्हाळाचे नाव आले म्हणून नोंदीचा ऊस तिकडे वळविण्यास मोकळीक मिळाली, असा अर्थ कोणी काढू नये.

आधीची तयारी

नोंद भरण्यास अर्धा तास लागतो, पण तयारी नसेल तर तीन दिवस जातात. पुढील गोष्टी आधी जमवाव्यात :

१) गूगलचे खाते, म्हणजे जीमेलचा पत्ता. तो मालकाच्या नावाचा आणि मालकाच्याच फोन नंबरवर उघडलेला असावा. पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवावा.

२) धंद्याचे नाव ठळक लिहिलेली पाटी. पत्र्यावर रंगविलेली चालते. कागद चिकटवून भागवू नये.

३) जो नेहमी उचलला जाईल असा फोन नंबर. हा नंबर सर्वांना दिसणार आहे. म्हणून घरातल्या मंडळींचा खाजगी नंबर देऊ नये. शक्य तर धंद्याचे सिम वेगळे ठेवावे.

४) दिवसाउजेडी काढलेले आठ-दहा फोटो. रस्त्यावरून दिसणारी पाटी, शेडनेट, ट्रे, हातात धरलेले मुळ्यांसकट रोप, रोपे भरत असलेली गाडी, असे असावेत. दुसऱ्याच्या रोपवाटिकेचे किंवा इंटरनेटवरून उचललेले फोटो घालू नयेत. गिऱ्हाईक आल्यावर ते उघडे पडतेच.

५) धंद्याचा एखादा कागद, जसे बिलबुक किंवा उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर १ जुलै २०२० पासून होते आणि तीही विनामूल्य आहे.

नोंद करण्याची रीत

फोनमध्ये किंवा संगणकावर आपले खाते उघडून 'बिझनेस डॉट गूगल डॉट कॉम' येथे जावे. त्याआधी नकाशावर आपल्या धंद्याचे नाव शोधून पाहावे. पुष्कळदा कोणा वाटसरूने किंवा गिऱ्हाइकाने ते आधीच टाकलेले असते. तसे असल्यास दुसरी नोंद करू नये. त्याच पानावर 'हा धंदा माझा आहे' असा हक्क सांगण्याची सोय असते, ती वापरावी. एका धंद्याच्या दोन नोंदी म्हणजे एका रानाच्या दोन नोंदी. शेवटी दोन्हींची चौकशी लागते.

नाव : पाटीवर आहे तेच नाव लिहावे. अक्षर कमी नाही, जास्त नाही. 'महाराष्ट्रातील एक नंबर, स्वस्त व खात्रीशीर' अशी शेपटे जोडल्यास ते नियमाविरुद्ध होते आणि नोंद बंद पडू शकते.

वर्ग : धंदा कोणत्या प्रकारचा ते यादीतून निवडावयाचे असते. एक मुख्य वर्ग आणि त्याशिवाय ९ पर्यंत जादा वर्ग घेता येतात. रोपवाटिकेने मुख्य वर्ग म्हणून 'प्लांट नर्सरी' घ्यावा. जे करत नाही ते घेऊ नये. खते विकत नसाल तर खताचा वर्ग कशाला? चुकीचे फोन येतात आणि दिवस मोडतो.

पत्ता : येथे आपल्याकडे खरी अडचण आहे. वस्तीला घर नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. 'मारुतीच्या देवळामागे, पाटाच्या कडेला' एवढाच आपला पत्ता. तेव्हा गावाचे नाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड बरोबर लिहावा आणि नकाशावरची खूण बोटाने सरकवून नेमकी आपल्या फाटकावर आणावी. आकाशातून घेतलेले चित्र लावले की विहीर, झाड, शेडनेट ओळखू येते. नकाशावर आपल्या जागी बोट दाबून धरले की 'प्लस कोड' नावाचा लहानसा सांकेतिक पत्ताही मिळतो. तो कोड कोणी नकाशात टाकला की थेट आपल्या बांधावर येतो. वस्तीवरच्या धंद्यांना ही फार मोठी सोय आहे. खूण लावून झाली की गावातल्या एखाद्या पोराला सांगावे, 'फोन दाखवेल तसा गाडीने ये.' तो ओढ्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला तर खूण पुन्हा सरकवावी.

वेळा : खऱ्या लिहाव्यात. २४ तास उघडे असे लिहिले की रात्री दोनलाही फोन येतो आणि न उचलल्यास राग निघतो तो अभिप्रायात. सणवार, बाजारचा दिवस, लग्नकार्य असेल तर त्या दिवसापुरती वेगळी वेळ भरता येते.

वर्णन : यासाठी ७५० अक्षरांची जागा असते. त्यात शेतकरी पहिल्यांदा जे विचारतो ते लिहावे. फोन नंबर, संकेतस्थळाचे दुवे आणि रोजचे भाव वर्णनात घालू नयेत. नमुना म्हणून पुढील मजकूर पाहा :

'को ८६०३२ व फुले २६५ या जातींची एक डोळा रोपे. ४२ कप्प्यांच्या ट्रेमध्ये, कोकोपीटमध्ये वाढविलेली. बेण्यास बीजप्रक्रिया केलेली असते. २५ ते ३५ दिवसांची रोपे मिळतात. मागणी एक महिना आधी नोंदवावी. शेतावर पोहोच करण्याची सोय आहे. बेणेमळा पाहावयाचा असल्यास सकाळी ८ ते १२ या वेळेत यावे.'

एवढे वाचून कोणता शेतकरी फोन करणार नाही? यात स्तुतीचा एक शब्द नाही, पण कामाचे सर्व आहे. यातले जे आपणास लागू नसेल ते मात्र काढून टाकावे. बीजप्रक्रिया करत नसाल तर तसे लिहू नका, आधी बीजप्रक्रिया सुरू करा.

गुऱ्हाळवाल्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दुसऱ्या भागातल्या गुळाला ते नाव लावून विकणे योग्य नव्हे. आपला गूळ चांगला असेल तर आपल्या गावाचे नाव लावावे. नाव असेच मोठे होते.

पडताळणी : येथे बहुतेकांची गाडी अडते

आपल्या नोंदीची पाहणी शेतकी मदतनीस करतो, तशी गूगलही करते. ती पद्धत कोणती असेल ते तेच ठरवतात, आपल्याला निवडता येत नाही. कोणाला फोनवर कोड येतो, कोणाला ईमेलवर, कोणाला पोस्टाने कार्ड येते, तर पुष्कळांना व्हिडिओ काढून पाठविण्यास सांगतात. पोस्टाचे कार्ड येणार असेल तर ते हाती पडेपर्यंत नाव, पत्ता वा वर्ग बदलू नये. पोस्टमनलाही आधी सांगून ठेवावे, नाहीतर कार्ड भावकीत फिरत राहते.

व्हिडिओ मागितला तर पुढील क्रमाने काढावा. तो सलग असावा, मध्ये थांबवू नये, कापाकापी करू नये आणि निदान ३० सेकंदांचा तरी असावा.

१) सुरुवात रस्त्यावरून करावी. गावाची पाटी, ग्रामपंचायत, एसटीचा थांबा, शेजारचे दुकान, असे काहीतरी ओळखीचे दाखवावे. यावरून जागा पटते.

२) मग चालत आपल्या पाटीपर्यंत यावे. नाव स्वच्छ वाचता आले पाहिजे.

३) नंतर कुलूप काढून आत जावे. ट्रे, कोकोपीटच्या विटा, डोळे काढण्याचे यंत्र, फवारणी पंप दाखवावा. धंदा खरोखर चालू आहे आणि किल्ली आपल्या हातात आहे, या दोन्ही गोष्टी त्यातून सिद्ध होतात.

४) शेवटी बिलबुक किंवा प्रमाणपत्रावरचे धंद्याचे नाव दाखवावे. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि परक्या माणसांचे चेहरे दाखवू नयेत. त्याची जरुरी नाही.

व्हिडिओ जागेवरच काढून तेथूनच पाठवावयाचा असतो. म्हणून रेंज कोणत्या वेळी चांगली असते ते आधी पाहून ठेवावे. पाठविल्यावर निकाल येण्यास साधारणपणे ५ कामाचे दिवस लागतात. नापास झाल्यास धीर सोडू नये, कारण पाहून पुन्हा काढावा. बहुधा पाटी दिसलेली नसते किंवा नोंदीतले नाव आणि पाटीवरचे नाव वेगळे असते.

हंगामाप्रमाणे पान हलते ठेवावे

नोंद झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. लागण करून कोणी घरी बसत नाही, भरणी-बांधणी करावीच लागते. आपल्याकडे आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. या प्रत्येक हंगामाच्या सहा आठवडे आधी पानावर दोन ताजे फोटो आणि चार ओळींची सूचना टाकावी : 'आडसालीसाठी मागणी नोंदविणे चालू आहे.' मालाचा साठा संपला तर तसेही लिहावे. तीस मैल ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी रिकाम्या हाताने परत गेला, तर तो पुन्हा येत नाही आणि चार जणांना सांगतो.

गुऱ्हाळ, रसवंती यांनी हंगाम संपला की पानावर 'तात्पुरते बंद' अशी खूण करावी आणि पुढच्या हंगामात ती काढावी. 'कायमचे बंद' या खुणेला चुकूनही हात लावू नये.

अभिप्राय : चांगला, वाईट आणि खोटा

गिऱ्हाईक आपल्या पानावर १ ते ५ तारे देऊन दोन शब्द लिहिते. नवा शेतकरी फोटोआधी तेच वाचतो. पानावरून अभिप्रायाचा दुवा आणि क्यूआर चित्र मिळते. त्याचा कागद छापून शेडवर लावावा आणि रोपे लागून महिना झाल्यावर गिऱ्हाइकाला विनंती करावी, 'रोपे लागली असतील तर दोन शब्द लिहा.' रोपे गाडीत भरतानाच लिहावयास सांगू नये. तेव्हा त्याला काय ठाऊक?

तारे दिल्यास सवलत, वीस रोपे फुकट, असली लालूच दाखविण्यास मनाई आहे. स्वतःच्या धंद्याला स्वतः, किंवा घरातल्या सहा फोनवरून तारे देणे हेही नियमाबाहेर आहे. आणि खरे सांगायचे तर गावात ते लपतही नाही.

वाईट अभिप्राय आला तर भांडू नये. आपले उत्तर सगळ्यांना दिसते. कोणी लिहिले, 'रोपे मेली, पैसे बुडाले', तर 'तुम्ही पाणीच दिले नाही' असे उत्तर देऊ नये. असे द्यावे : 'आपली रोपे दगावल्याचे वाचून वाईट वाटले. आपण लागण कधी केली ते कळवावे. मी स्वतः रानात येऊन पाहतो. दोष रोपांचा असेल तर बदलून देईन.' आणि मग खरेच जावे. उत्तर वाचणारे दहा शेतकरी त्या एका तक्रारीपेक्षा आपली वागणूक मनात धरतात. अभिप्राय उघड खोटा असेल, कधी न आलेल्या माणसाने लिहिलेला असेल, तर गूगलकडे तक्रार करण्याची सोय त्या अभिप्रायाजवळच असते.

मालकी आपल्या हातात ठेवा

हा भाग घरात सर्वांना वाचून दाखवावा.

तालुक्याच्या गावी नोंद करून देणारे पुष्कळ जण आहेत. ज्यांना फोनची सवय नाही त्यांनी मदत घेण्यास हरकत नाही. पण कित्येक ठिकाणी मदत करणारा स्वतःच्याच खात्यावरून नोंद करतो. म्हणजे धंदा आपला, घाम आपला, आणि सातबारा त्याच्या नावावर! पुढे पैशावरून वाजले की तो फोन नंबर बदलून टाकतो आणि आपली गिऱ्हाइके भलतीकडे जातात. यासाठी नोंद मालकाच्या खात्यावरूनच करावी. दुसऱ्याला काम द्यावयाचे असल्यास त्याला 'व्यवस्थापक' म्हणून जोडावे. व्यवस्थापक फोटो, वेळा, उत्तरे सांभाळू शकतो, परंतु इतर माणसे जोडू-काढू शकत नाही आणि नोंद पुसू शकत नाही. 'मालक' ही जागा आपल्याशिवाय फक्त घरातल्या विश्वासाच्या माणसाला द्यावी, म्हणजे फोन हरवला तरी अडत नाही. नोंद आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्या पानावरून मालकी मागण्याचा अर्ज करता येतो.

दुसरी फसवणूक फोनवरची. नोंद झाली की नंबर उघड्यावर येतो आणि 'गूगलमधून बोलतोय, पैसे भरले नाहीत तर तुमची नोंद उद्या बंद होईल' असे फोन येतात. नोंद चालू ठेवण्यास पैसे लागत नाहीत हे वर सांगितलेच आहे. आलेला कोड कोणालाही सांगू नये. तो कोड म्हणजे घराची किल्ली आहे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

तिसरी गोष्ट, 'तुमचे नाव पहिल्या नंबरावर आणून देतो' म्हणून पैसे मागणारे. शोधाच्या यादीत कोणाचे नाव वर यावयाचे हे तीन गोष्टींवर ठरते : विचारलेल्या गोष्टीशी आपला धंदा किती जुळतो, विचारणाऱ्यापासून आपण किती अंतरावर आहोत, आणि आपला धंदा किती नावाजलेला आहे. या यादीतली वरची जागा पैसे देऊन मिळत नाही, असे गूगलनेच स्पष्ट केले आहे. अंतर आपल्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टी नीट भरलेले पान आणि खरे अभिप्राय यांनीच सुधारतात.

चौथी गोष्ट, नोंदीबरोबर फुकट संकेतस्थळ आणि पानावरच गप्पा मारण्याची सोय मिळेल असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. पूर्वी या सोयी होत्या. फुकटची संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये आणि गप्पांची सोय जुलै २०२४ मध्ये गूगलने बंद केली.

महिन्याचा हिशेब

वजनकाट्याची पावती आपण जपून ठेवतो, तसा या नोंदीचाही हिशेब ठेवावा. पान किती जणांनी पाहिले, किती जणांनी तेथून फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, हे पानावर मालकाला दिसते. महिनाअखेर तीन आकडे वहीत लिहावेत आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला 'पत्ता कोठे मिळाला?' एवढे विचारावे. पाहणारे पुष्कळ आणि फोन थोडे, असे असेल तर फोटो व वर्णन सुधारावे. फोन पुष्कळ आणि विक्री थोडी, असे असेल तर भाव, रोपांची प्रत किंवा आपले बोलणे तपासावे. तेथे नकाशाचा दोष नाही.

आणि हे पक्के समजावे की नोंदीने फक्त पत्ता पोचतो. रोपाला कोंब जोमदार नसेल, बेणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे जुने असेल, तर हीच नोंद आपली बदनामीही तितक्याच वेगाने पोचवील. पूर्वी वाईट रोपाची बातमी बाजारापर्यंत जायची, आता ती जिल्हाभर जाते. म्हणून आधी बेणेमळा, मग पाटी, मग नकाशा, हा क्रम सोडू नये.

ज्या सभासदांना किंवा त्यांच्या घरच्या मंडळींना अशी नोंद करावयाची आहे, त्यांनी घरातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलीला किंवा मुलाला हा पाठ वाचावयास देऊन शेजारी बसावे. फोन मुलाने चालवावा, पण नाव, नंबर आणि पासवर्ड मालकाने स्वतः पाहावा. आडसालीच्या रोपांसाठी नोंद करावयाची असेल तर मे महिना उजाडण्याच्या आत ती उरकावी. पडताळणीत आठवडा-पंधरवडा गेला तरी रोपे तयार होण्याच्या आत नाव नकाशावर आलेले असेल.

कळावे.